आधी खळ जळते

भेसळीचा बंदोबस्त सरकार करील तेव्हा करील, रामहरी सुरवसे मास्तरांच्या घरात तो रोज सकाळी होत होता. दूधवाला दारात आला की मास्तर पाटीच्या उतारावर दुधाचा एक थेंब सोडायचे आणि तो मागं पांढरा ओघळ ठेवतो का नुसताच पळतो, ते वाकून बघायचे. चहाची पूड ओल्या टीपकागदावर पसरायची, रंग सुटतो का बघायला. तिखट पाण्यात सोडायचं, विटकरीची भुकटी खाली बसते का बघायला. हे सगळं होईस्तोवर आधण आटून जायचं आणि सोजरबाई पदर खोचून उभ्याच.

"झाली का पंचायत? का दुधाला आजून शपथ घालायची हाय?"

"हसू नको सोजर. फसवणारे लई झालेत."

"व्हय की. लगीन ठरवताना मला कुठल्या पाण्यात सोडलं हुतं?"

मंडळी, मास्तरांचं सगळंच चुकत होतं असं मी म्हणत नाही. दिवस तसलेच होते. बहात्तरचा दुष्काळ सरून चार वर्षं झाली होती, पण रेशनच्या साखरेत रवा, डाळीत लाखेची डाळ आणि गोड्या तेलात काय काय, हे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी खाल्लेलंच आहे. संशय यायला जागा होती. पण वहाण जशी घरात येताना दाराशी काढून ठेवतात, तसा संशय कुठंतरी काढून ठेवता आला पाहिजे. मास्तरांना तो काढताच येत नव्हता. ते तो घालूनच जेवायचे, घालूनच झोपायचे.

सोलापुरातल्याच एका हायस्कुलात ते सायन्स शिकवत. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत हुकूम आला की जिल्ह्यातल्या सायन्सच्या शिक्षकांनी सोलापुरात ट्रेनिंग कॉलेजात शिबिराला यायचं. विषय काय, तर लोकर. मेंढीच्या पाठीवरून घोंगड्यापर्यंत येताना तिच्यात जे शास्त्र असतं ते आधी मास्तरांनी शिकायचं, मग पोरांना शिकवायचं.

पहिल्या दिवशी व्हरांड्यात जमलेली मंडळी कुजबुजत होती. सुट्टीत कोण कशाला लोकर शिकवतंय? मंगळवेढ्याचे मानसिंग मास्तर आवाज खाली घेऊन म्हणाले, "लोकरीचं नुसतं निमित्त हाय. शेवटच्या दिवशी दार लावून घ्येतील आन् नसबंदीच्या केसेस वाटून देतील."

सगळे हसले. मग हळूहळू कुणीच हसेना, आणीबाणी चालू होती.

रामहरी म्हणाले, "न्हाय तर एखाद्या गिरणीचा एजंट असंल. बघालच तुमी."

शिकवायला आले ते जोतीराम माने. पंजाबात एका लोकरीच्या गिरणीत रसायनं सांभाळून आयुष्य गेलेलं, बोटांवर ॲसिडचे जुने डाग, बोलणं अगदी करमाळ्याच्या बाजारातलं. टेबलाजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "एक केस उपटा. आपापला. शेजाऱ्याचा नको, भांडणं लागतात."

एका मास्तरांनी टोपी काढून आपलं चकाकतं डोकं दाखवलं. "तुमी मिशीचा घ्या," सर म्हणाले.

केस अंगठा आणि बोटाच्या मधे उभा धरायचा आणि बोटं वरखाली चोळायची. सगळ्यांनी चोळलं. केस आपल्या आपण एका बाजूला सरकायला लागला. उलटा धरला तर उलटीकडं सरकला. नेहमी मुळाच्याच दिशेनं.

मानसिंग मास्तरांनी सरांची बोटं हुंगून बघितली. "काय लावलंय का हाताला?"

"हुंगा, धुऊन बघा. शाब्बास. असंच पायजे," सर म्हणाले. मग त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली लोकरीचा तंतू ठेवला. माशाच्या अंगावर असतात तसे खवले, सगळ्यांचं तोंड एकीकडं. केसालाही तेच. म्हणून तो एकाच दिशेनं सरकतो. म्हणून लोकर ओली करून, ऊन पाण्यात चोळली की तंतूत तंतू अडकतात आणि परत सुटत नाहीत, कापड आखडून घट्ट होतं. पुढं त्यांनी दोन थर्मामीटर घेतले. एकाच्या फुग्याला वाळवलेली लोकर गुंडाळली, दुसऱ्याच्या फुग्याला वाळवलेला कापूस, आणि दोन्ही तळाला पाणी असलेल्या बंद बरणीत टांगले. लोकरीचा पारा जास्त चढला. हवेतली ओल पिताना लोकर स्वतः ऊब सोडते, सर म्हणाले, म्हणून धनगर भिजलेलं घोंगडंसुद्धा अंगावरून काढत नाही.

रामहरी मास्तरांनी बरणीला खालून हात लावून बघितला. खाली कुणी निखारा ठेवला नव्हता. तरी त्यांना ते पटायला अर्धा तास लागला.

पण तिसरा प्रयोग मात्र त्यांना बघताक्षणी पटला. तो पकडायचा प्रयोग होता.

सरांनी चिमट्यात लोकर धरून स्पिरिटच्या दिव्यावर नेली. ती आखडली, चुरचुरली, केस जळाल्याचा घाण वास आला, आणि ज्योतीपासून लांब नेली की विझली. मागं काळा मणी राहिला, तो बोटांनी चुरडला गेला. मग सुताचा धागा. तो कागदासारखा भुरुभुरु जळाला, धुमसत राहिला, करडी राख झाली. मग नायलॉन. ते वितळलं आणि त्याचा कडक मणी झाला, काही केल्या फुटेना.

"नखं, शिंगं, केस, लोकर. सगळी एका घरातली भावंडं," सर म्हणाले. "वासावरनं वळखता येत्यात. पण ही पयली परीक्षा हाय. शेवटची न्हाय. शेवटची आजून ऱ्हायलीय."

हे शेवटचं वाक्य रामहरी मास्तरांच्या कानावर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही. त्यांचं डोकं मंगळवार बाजारात पोचलं होतं.

बाजारात मल्लप्पा सणगर घोंगड्यांची चळत लावून बसायचा. सणगर म्हणजे घोंगडी विणणारे, पिढ्यानपिढ्या. मास्तरांचा त्याच्यावर कधीपासूनचा डोळा. दुष्काळात अर्ध्या मेंढ्या गेल्या, मग याच्याकडं एवढी लोकर येते कुठनं? हा प्रश्न त्यांनी मल्लप्पाला कधी विचारला नव्हता. मनात मात्र रोज विचारत होते.

त्या दिवशी नेमका बाजार होता. मास्तर गेले ते थेट चळतीपुढं उभे. तिथं बिरप्पा नावाचा धनगर बसला होता, जत्रेत बिरोबापुढं अंथरायला नवं घोंगडं बघत होता. एक पसंत करून त्यानं खांद्यावर टाकलेलंही होतं.

मास्तर घोंगड्याची कड चाचपायला लागले तसा मल्लप्पा म्हणाला, "घ्या की मास्तर. पाणी वतून बघा." त्यानं घोंगड्याची खोळ केली, तांब्याभर पाणी ओतलं. पाणी तसंच उभं राहिलं, खाली थेंब नाही. बाजारात घोंगडं असंच पारखतात.

मास्तर हसले. "ही परीक्षा धनगराला दाखव, मला न्हाय. चिंचोक्याची खळ कुंच्यानं दाबून भरली तर फडकंसुद्धा पाणी धरंल."

"खळ तर भरावीच लागती. त्याबिगर मागावर धागा टिकत न्हाय."

"बघू की." मास्तरांनी कडेचा एक ताठ धागा उपटला, खिशातनं काडेपेटी काढली आणि पेटवला. नाक पुढं नेलं. जळक्या कागदाचा वास. भाजक्या चिंचोक्यासारखा. केसाचा नाही. त्यांनी धागा खाली टाकून बुटानं विझवला आणि चार माणसांत ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यात सूत हाय. निम्म्याच्या वर. आजच शिबिरात शिकलोय, काडी खोटं बोलत न्हाय."

मल्लप्पाचा चेहरा उतरला नाही, तापला. "मास्तर, सणगराच्या पोटी जल्मलोय. लोकरीत सूत मिसळायचं म्हणजे देवाच्या निवदात माती."

"मग वास कसा आला?"

याचं उत्तर मल्लप्पाकडं नव्हतं. त्यानं कधी घोंगडं जाळून बघितलंच नव्हतं. तो गप्प बसला आणि बाजारात गप्प बसलेल्या माणसाला कबूल झालेला माणूस समजतात.

बिरप्पानं खांद्यावरचं घोंगडं काढलं, नीट घडी केली, चळतीवर ठेवलं. "मल्लप्पा, माझ्याच मेंढराची लोकर नेतोस तू. तिच्यात सूत घालून बिरोबापुढं अंथरू व्हय?" एवढंच बोलून तो गेला. बघणारे दोघं-तिघं होते तेही सरकले. मास्तरांनी दुसरा एक धागा पुराव्याला म्हणून कागदात गुंडाळून खिशात घातला आणि छाती काढून घरी आले.

दोन दिवस छाती तशीच होती. तिसऱ्या दिवशी सोजरबाई नळावरनं आल्या, घागर खाली ठेवली आणि वाढायचं सोडून समोर बसल्या.

"मल्लप्पा सणगराची भैन ठावं हाय का तुमास्नी? दानम्मा?"

"न्हाय. का?"

"त्येंच्याच गल्लीतली गोजाबाई सांगत हुती नळावर. दानम्माचा दादला गेला तवापास्नं ती भावाच्या घरी हाय. दिवसा गिरणीत वेस्ट खात्यात कापसाचा कचरा वेचती, संध्याकाळी घरी चरका. मल्लप्पाचं सगळं लोकरीचं सूत तिच्या हातचं. तर भाऊ म्हणला, मी न्हाय मिसळलं, धनगरानं न्हाय मिसळलं, मग राहिलं कोण? गिरणीतला कापूस तूच आणलास, चरका लवकर पळावा म्हणून. म्हणला, आता चरक्याला हात लावू नगंस. तिनं एक शबूद बोलला न्हाय. गठुडं घेतलं आन् निघाली. गोजाबाईच्या पडवीत बसलीया."

मास्तरांचा हात ताटावर थांबला. क्षणभरच. मग ते म्हणाले, "बघ. म्हणलं नव्हतं? कापूस गिरणीतनंच आला. माझा अंदाज बरोबर निघाला."

"तुमी तिला बघितलंय का कधी?"

"बघायचं काय त्यात? काडीनं सांगितलं की."

"मग आज काडीलाच वाढते," सोजरबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. मास्तरांनी आपल्या हातानं भाकरी घेतली. अर्धीच खाऊन उठले.

दुसऱ्या दिवशी शिबिरात ते स्वतःहून उभे राहिले. सगळं सांगितलं, जरा रंगवूनच. भर बाजारात भेसळ कशी पकडली, सूत गिरणीतनं कसं येत होतं, चोर घरातच कसा निघाला. मास्तर मंडळींनी माना डोलावल्या. मानसिंग म्हणाले, "मला पयल्यापासनं डाऊट हुता त्या घोंगड्यांचा." त्यांनी ती घोंगडी कधी बघितलीही नव्हती.

जोतीराम सर मान डोलावत नव्हते. "तो धागा हाय का?"

मास्तरांनी कागदाची पुडी दिली. सरांनी धागा वाकवला, तो काडीसारखा कट्कन वाजला. "पेटव. आता माझ्यासमोर. चिमट्यात धर, काडेपेटी नको, आधी गंधकाचाच वास नाकात बसतो. दिव्यावर पेटव."

पेटवला. तोच वास, जळका कागद, भाजका चिंचोका. मास्तरांनी विजयानं सगळ्यांकडं बघितलं आणि धागा खाली टाकायला गेले.

"टाकू नको. धर. नाक तितंच ठेव."

ते धरून राहिले. धूर जरा बदलला. धागा आखडला, चुरचुरला, आणि मग तो वास आला. केस जळाल्याचा, घाण, ओळखीचा. पुढच्या बाकावरच्या मास्तरांनी नाकाला रुमाल लावला. मागं काळा मणी राहिला. सरांनी तो अंगठ्यानं चुरडला.



"आधी खळ जळते," सर म्हणाले. "लोकर आत असती, खळ बाहेर. खळ म्हणजे चिंचोक्याचं पीठ, झाडाची चीज. ती कागदासारखीच जळणार. तू कडेचा धागा काढलास, तितं खळ सगळ्यात जाड. पयला वास आला, तुला पायजे तोच आला, आन् तू धागा टाकलास. लोकर बोलायच्या आत तू उठून गेलास."

"पण सर, थोडं सूत असंलही आत."

"असंल की. संशय घे. घ्यायलाच पायजे. हे घे."

सरांनी धाग्याचा उरलेला तुकडा गरम पाण्यात घोळवला. पाणी चिकट, गढूळ झालं, आणि ताठ धागा मऊ पडून लोंबायला लागला. मग काचेच्या नळीत कॉस्टिक सोड्याचं पाणी घेतलं, एकीत तो धागा टाकला, दुसरीत दिव्याची सुती वात. दोन्ही तापवल्या. लोकर दाहक क्षारात विरघळते, सूत टिकतं, ही शेवटची परीक्षा. वात होती तशीच राहिली. घोंगड्याचा धागा फुगला, पिवळसर झाला, पातळ झाला, आणि दिसेनासा झाला. सरांनी नळी उजेडापुढं धरून प्रत्येकाच्या बाकापुढनं फिरवली. आत एक तंतू नव्हता.

रामहरी मास्तर बसले. त्यांना गोजाबाईची पडवी दिसली. ती त्यांनी कधी बघितली नव्हती, तरी दिसली.

मधल्या सुट्टीत ते सरांजवळ गेले. "सर, शास्त्र चुकलं म्हणायचं का?"

"शास्त्रानं तुला थांब म्हणलं हुतं. शेवटची परीक्षा आजून ऱ्हायलीय, असं मी ह्याच तोंडानं म्हणलो हुतो. तू न्हाय थांबलास." सरांनी चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला. "आन् मला एक सांग. पाण्याला खळ फसवती हे तू मल्लप्पाला भर बाजारात सांगितलंस. बरोबर सांगितलंस. मग तीच खळ काडीलाही फसवील, हे का न्हाय सुचलं?"

मास्तरांनी कप हातात घेतला.

"मी सांगतो. पाण्याची परीक्षा त्याची हुती, काडीची तुझी. त्याच्या परीक्षेवर संशय घेतलास, आपल्या परीक्षेवर न्हाय घेतलास. शिकलेल्या माणसाची हीच खोड लई वंगाळ. अडाणी माणूस नुसता संशय घेतो, लोक हसून सोडून देतात. आपण संशयाला शास्त्राचा कोट घालतो, मग लोक उठून उभं ऱ्हात्यात."

"मी जाऊन सांगतो मल्लप्पाला. आजच. गुपचूप बाजूला घेऊन."

"बोललास बाजारात आन् माफी कानात?"

"लोक काय म्हणतील सर? सायन्सचा मास्तर..."

"ते तू धागा पेटवायच्या आधी इचारायचं हुतंस."

पुढच्या मंगळवारी मास्तर बाजारात गेले. बरोबर मानसिंग, हातात स्टोव्ह, नळ्या आणि सोड्याची बाटली. मास्तरांनी सोजरबाईंना सांगितलं नव्हतं, पण त्या नळावरच्या बायका घेऊन आधीच येऊन उभ्या होत्या.

मल्लप्पानं त्यांना बघितलं आणि चळतीवर हात आडवा ठेवला. "आता काय ऱ्हायलंय मास्तर? माग जाळायचा हाय का?"

"चूक सांगायला आलोय. घोंगडं शुद्ध हाय. माझी परीक्षा अर्धी हुती."

चारचौघांत हे बोलणं त्यांना वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. अवघड होतं ते पुढं. कारण मागनं कुणीतरी लगेच बोललं, "मास्तरला घोंगडं फुकटात मिळालं वाटतं." आणि लोक हसले.

मास्तरांनी वळून बघितलं. कोण बोललं ते कळलं नाही. कधीच कळत नाही. मी कुणाकडनं काही घेतलेलं नाही, असं ते म्हणायला गेले, थांबले, आणि त्यांच्या लक्षात आलं की मल्लप्पा त्या दिवशी अगदी असाच गप्प बसला होता. खरं माणसाच्या जवळ असतं, पण ते दाखवायला हातात काही नसतं.

स्टोव्ह पेटला. "लांब सरका," मानसिंग ओरडले, "डोळ्यात उडालं तर बिरोबासुद्धा वाचवायचा न्हाय." मल्लप्पा म्हणाला, "दुसऱ्या नळीत मास्तरांच्या सदऱ्याचा धागा घाला. मलाबी त्यांचं शुद्ध-अशुद्ध बघू द्या." मास्तरांनी मांजरपाटाच्या सदऱ्याचा काठ उसवून धागा दिला. नळ्या तापल्या. सदऱ्याचा धागा राहिला, घोंगड्याचा गेला.

"गायब केला," मागचा तोच आवाज. "जादूगार बी करत्यात."

मास्तरांनी नळी खाली ठेवली. मग गर्दीच्या कडेला बिरप्पा उभा होता त्याला म्हणाले, "बिरप्पा, माझ्यावर इश्वास ठेवू नका. मल्लप्पावर बी नको. तुमच्या अंगावरचं जुनं घोंगडं, पावसात धुऊन त्यातली खळ कवाच गेलीया. त्याचा धागा काढा. ह्या नव्याचा बी तुमच्याच हातानं काढा, आधी गरम पाण्यात चोळा. दोन्ही पेटवा. मी हात लावत न्हाय."

बिरप्पानं सावकाश सगळं केलं. पहिला धागा हुंगला, दुसरा हुंगला. परत पहिला.

"दोनी एकच," तो म्हणाला. "मेंढराला डाग देताना उठतो त्योच वास." त्यानं चळतीतलं तेच घोंगडं उचललं आणि खांद्यावर टाकलं.

लोक पांगले. कुणी मल्लप्पाला काही म्हणालं नाही, कुणी मास्तरांनाही नाही. मल्लप्पानं चळत बांधली. "मास्तर, आता चला गोजाबाईकडं. ही नळी अक्काला दाखवा. तुमी सांगितलं की ती येईल घरी."

मास्तरांना तेच पाहिजे होतं.

दानम्मा पडवीत सुपानं धान्य पाखडत बसली होती. उंच, वाळकी बाई, बोटांची टोकं चरक्यानं कडक झालेली. मास्तरांनी तिला पहिल्यांदाच बघितलं. त्यांनी हात जोडले, सगळं सांगितलं, खळ, वास, सोडा, आणि नळी पुढं केली.

"ठेवा खाली ती," ती म्हणाली. "तुमच्यावर माझा राग न्हाय मास्तर. तुमी कोण, मी कोण. तुमी चुकला, येऊन बोलला, झालं." मग ती भावाकडं वळली. "येनु तम्मा? काय रं भावा, आता मी खरी झाले?"

"अक्का, चूक झाली. मास्तर शिकलेले. मला वाटलं..."

"नळीत धागा राहिला आसता तर? समज बिरप्पाच्या घरात कुणी कापूस मिसळला आसता. तर मी जल्मभर हितंच बसायची व्हय?" ती हे ओरडून नाही म्हणाली. सूप हातात तसंच होतं. "तुज्या लहानपणी तुला पाठीशी बांधून मी चरका फिरवलाय. माझ्या हातचं सूत तुला आंधारात बोटाला कळतं. तुला ठावं हुतं. तरी तू मला घालवलंस. आरं, घालवायच्या आधी एकदा नुसतं इचारायचं तर. अक्का, मिसळलंस का? मी न्हाय म्हणले आसते. मग घालवायचंस."



"चल घरी," मल्लप्पा म्हणाला.

"न्हाय. चरका हितं आणून दे. सूत कातीन, तुला पायजे तर ने. तुज्या घरात मात्र आत्ता न्हाय. मन मोकळं झालं तर बघू."

मल्लप्पा उठला आणि गेला. जरा वेळानं चरका डोक्यावर घेऊन भर गल्लीतनं परत आला. ओट्यावर बसलेले बघत होते, त्यानं मान खाली घातली नाही. चरका त्यानं पडवीत ठेवला, पिंजलेल्या लोकरीचे पेळू सुपात मांडले आणि बहिणीच्या समोर मांडी घालून बसून राहिला. तिनं पेळू उचलला. त्याच्याकडं बघितलं नाही. पण चाक फिरायला लागलं.

रामहरी मास्तर नळी खिशात घालून घराकडं निघाले. सोजरबाई बरोबर होत्या. कोपऱ्यावर मास्तर म्हणाले, "उद्या शिबिरात मला पाठ द्यायचा हाय. खळ आन् लोकर. सगळं सांगणार हाय. तिचं बी."

"नाव घेऊन?"

मास्तर थांबले. "तिला इचारून मग," ते म्हणाले.

मंडळी, भेसळ आहे, फसवणूक आहे, डोळे उघडे ठेवल्याशिवाय आपल्याला गत्यंतर नाही. परीक्षा जरूर करा. अर्धी करू नका, आणि दुसऱ्यावर संशय घ्यायच्या आधी आपल्या परीक्षेवर घ्या, कारण आधी खळ जळते, खरं आत असतं आणि ते यायला वेळ लावतं. पण याच्याही अलीकडची एक गोष्ट आहे. तिला ना दिवा लागतो ना सोडा. धाग्याला तोंड नसतं म्हणून त्याला जाळून बघावं लागतं. माणसाला तोंड असतं. मास्तरांनी काडीला विचारलं, मल्लप्पानं मास्तरांना विचारलं, बाजारानं बाजाराला विचारलं. दानम्माला कुणी विचारलंच नव्हतं.